तेलाचे आयात शुल्क आणि सोयाबीनचा भाव

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या बाजार समितीच्या आवारात उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. सोयाबीनची पोती रिती करून, आडत्याकडून हिशेबपट्टी घेऊन शेतकरी बाहेर पडतो आणि गावी परतण्यापूर्वी सणासाठी तेलाच्या दोन पिशव्या विकत घेतो. त्या पिशवीतील तेल बहुधा त्याच्या शेतातील सोयाबीनचे नसते. इंडोनेशिया-मलेशियातील पामच्या बागांतून, नाहीतर अर्जेंटिना-ब्राझीलमधील सोयाबीनमधून निघून, जहाजाने कांडला, मुंद्रा किंवा न्हावाशेवा बंदरात उतरून ते या दुकानापर्यंत आलेले असते. माल विकताना भाव फार उतरला असे त्याला वाटते. तेल घेताना ते फार महागले असे वाटते. दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. दोहोंच्या मुळाशी जी कारणे आहेत, त्यांतील एक प्रमुख कारण म्हणजे खाद्यतेलावरील आयात शुल्क.

आंतरराष्ट्रीय व्यापार हा विषय निघाला की तो दिल्ली, मुंबई किंवा जिनिव्हा येथील तज्ज्ञांचा आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ज्या गावात पन्नास घरांनी सोयाबीन पेरले आहे, त्या गावाचा या व्यापाराशी रोजचा संबंध आहे. २०२४ च्या खरिपात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरांवर सोयाबीन होते. विदर्भ आणि मराठवाड्यातील अनेक तालुक्यांत तेच आता नगदी उत्पन्नाचे मुख्य पीक आहे. दुसऱ्या बाजूला, देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या तेल-वर्षात ही आयात १६० लाख टनांच्या पुढे गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी तेलाच्या आयातीवर देशाला दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम मोजावी लागली.

स्वयंपूर्णता आली आणि गेली

ही परिस्थिती नेहमीच अशी होती असे नाही. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, कारळे ही आपल्याकडील जुनी तेलबियांची पिके. गावोगाव लाकडी घाणे चालत; तेल घरात येई आणि पेंड गोठ्यात जाई. वाढत्या लोकसंख्येला हे तेल पुरेना, तेव्हा सरकारी व्यापार महामंडळामार्फत आयात सुरू झाली. प्रस्तुत लेखकाच्या पिढीला शिधावाटप दुकानातील पामतेल चांगले आठवते. त्याला वास नाही म्हणून घरातील वडीलधारी मंडळी नाक मुरडत, पण सणाची तळणी त्याच तेलात होत असे.

आयातीचा हा बोजा कमी करण्यासाठी मे १९८६ मध्ये केंद्र शासनाने तेलबिया तंत्रज्ञान अभियान हाती घेतले. सुधारित बियाणे, लागवडीचे तंत्र, प्रक्रिया आणि भावाची हमी या चारही बाजूंनी एकाच वेळी काम झाले. १९८५-८६ मध्ये तेलबियांचे उत्पादन सुमारे १०८ लाख टन होते. १९९८-९९ पर्यंत ते २४७ लाख टनांवर गेले. आयात घटत घटत १९९२-९३ मध्ये सुमारे एक लाख टनावर आली. या यशात बियाण्याचा वाटा मोठा होता हे निर्विवाद. परंतु एका गोष्टीची चर्चा त्या मानाने कमी होते. १९८९ पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे बाजारात हस्तक्षेप करण्याचे काम सोपविण्यात आले होते. तेलाचा भाव ठरलेल्या खालच्या व वरच्या मर्यादेत राहावा, यासाठी मंडळ साठा खरेदी करी व गरजेप्रमाणे बाजारात आणी. पेरणी करताना शेतकऱ्याला भावाचा काही एक अंदाज बांधता येत होता. प्रस्तुत लेखकाच्या मते अभियानाचे खरे बळ तेथे होते.

पुढे चित्र पालटले. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली करण्यात आली. तेव्हा शुल्क ६५ टक्के होते. ते १९९५ मध्ये ३०, १९९६ मध्ये २० आणि १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आले. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलामुळे जलोदराची साथ आली, लोक दगावले आणि सुट्या देशी तेलाविषयी शहरांत धास्ती पसरली. बंद पिशवीतील आयात तेलाच्या ते पथ्यावर पडले. शतक संपता संपता आयात ४० लाख टनांच्या पुढे गेली होती.

पामतेलावरील शुल्काचा त्यानंतरचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २००१ मध्ये कच्च्या पामतेलावर ७५ टक्के. एप्रिल २००८ मध्ये, जगभर अन्नधान्याचे भाव भडकले तेव्हा, शून्य. मार्च २०१८ मध्ये ४४ टक्के. २०२२ मध्ये सर्व उपकर धरून ५.५ टक्के, सप्टेंबर २०२४ मध्ये २७.५ टक्के, आणि ३० मे २०२५ रोजी १६.५ टक्के. मधले लहानसहान बदल येथे दिलेलेही नाहीत. प्रत्येक बदलामागे त्या त्या वेळचे सबळ कारण होते. पण सारे एकत्र वाचले की, पाच वर्षांचे नियोजन करणाऱ्या शेतकऱ्याला किंवा तेल गिरणीच्या चालकाला कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवावा हे कळणे कठीण आहे.

क्विंटलचा हिशेब

शुल्काचा आणि सोयाबीनच्या भावाचा संबंध नेमका कसा येतो, हे शाळेतील फळ्यावरही मांडून दाखविता येईल. एक क्विंटल सोयाबीन गिरणीत गेले की त्यातून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे सोयाबीन हे नावाला तेलबी. वजनाने पाहिले तर ते मुख्यतः पेंडीचे पीक आहे. गिरणीमालक शेतकऱ्याला किती भाव देऊ शकेल, हे या दोन मालांच्या किमतींवर ठरते.

समजा, आयात होणारे कच्चे तेल बंदरावर १०० रुपये किलो पडते. ५.५ टक्के शुल्क असता ते १०५ रुपये ५० पैशांना पडेल, २७.५ टक्के असता १२७ रुपये ५० पैशांना. फरक किलोमागे २२ रुपयांचा. देशी तेलालाही तितकाच जादा भाव मिळाला असे धरल्यास १८ किलोंमागे ३९६ रुपये, म्हणजे क्विंटलमागे जवळजवळ ४०० रुपये सोयाबीनच्या भावात पडावयास हवेत. आता याच वेळी पेंडीचा भाव किलोमागे ५ रुपयांनी उतरला असे समजा. ८० किलोंमागे ४०० रुपये गेले. तेलाने दिलेले पेंडीने काढून घेतले.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, परंतु सप्टेंबर २०२४ नंतर घडले ते बरेचसे असेच. शुल्क वाढताच किराणा दुकानातील तेल महागले. सोयाबीनचा भाव मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या खालीच रेंगाळत राहिला. जगात सोयाबीनचे पीक उदंड होते आणि पेंडीला उठाव नव्हता. शिवाय देशात मका व तांदूळ यांपासून इथेनॉल तयार करताना जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात उपलब्ध झाला आणि त्याने सोयापेंडीची जागा घेतली. शुल्क वाढविल्याने शेतकऱ्याचा प्रश्न आपोआप सुटतो, असे मानणाऱ्यांनी पेंडीचा हा हिशेब नजरेआड करू नये. तेलापुरते पाहिले तरी शुल्क नसते तर भाव आणखी उतरला असता, इतकेच म्हणता येते. आणि तेही थोडे नाही.

२०२१ चा ऑगस्ट

भावापेक्षा भाव बदलण्याची वेळ किती महत्त्वाची असते, हे २०२१ च्या हंगामाने दाखवून दिले. त्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी मराठवाड्यातील काही बाजारांत सोयाबीन १० हजार रुपये क्विंटलच्या आसपास पोहोचले होते. सोयाबीनने असा भाव त्यापूर्वी पाहिलेला नव्हता. पण तेव्हा शेतकऱ्याच्या घरात माल कोठे होता? जुना माल केव्हाच विकला गेला होता आणि नवे पीक शेतात उभे होते. ज्यांनी भाव चढा पाहून महागडे बियाणे घेतले, त्यांना दिवस चांगले येणार अशी आशा होती.

इकडे पेंड महागल्याने कुक्कुटपालन व्यवसाय अडचणीत आला होता. तोही ग्रामीण भागातलाच व्यवसाय आणि त्याची तक्रारही रास्त होती. त्याच महिन्यात केंद्र शासनाने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी दिली. जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड प्रथमच देशात येणार होती. तेलावरील शुल्कही त्या काळात टप्प्याटप्प्याने खाली येत होते. सप्टेंबर अखेरीस नवा माल बाजारात आला, तोवर भाव निम्म्याच्या घरात आला होता. हमीभाव तेव्हा ३,९५० रुपये होता आणि बाजारभाव त्याहून वरच होता; त्यामुळे नियमाप्रमाणे कोणावर अन्याय झाला नव्हता. मात्र पेरताना जो हिशेब केला, तो काढणीच्या वेळी पार विस्कटला होता. त्यातच सप्टेंबरच्या अतिवृष्टीने अनेकांचे पीक पाण्यात गेले.

त्या हंगामाचा शेवट मात्र वेगळा झाला. ज्यांना शक्य होते त्यांनी माल घरात ठेवला. बाजारातील आवक घटली आणि हिवाळ्यात भाव पुन्हा सहा हजारांच्या पुढे सरकला. ज्याच्याकडे थांबण्याचे बळ होते तो सावरला. ज्याने खताची उधारी, मजुरी आणि दिवाळी यांसाठी राशीवरूनच माल उचलून नेला, त्याला खालचा भाव घ्यावा लागला. परदेशी मालाची स्पर्धा सर्वांना सारखी झळ लावत नाही. गावातील जुनी विषमता ती अधिक ठळक करते.

घरातले आणि गावातले बदल

पिकांच्या आराखड्यातील बदल तर डोळ्यांना दिसतो. एके काळी करडईच्या लागवडीत महाराष्ट्र देशात आघाडीवर होता. सोलापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), परभणी या भागांत रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पट्टे असत. जनावरे पिकात शिरत नसत आणि घरचे तेलही मिळे. स्वस्त आयात तेलापुढे करडईचे महाग तेल टिकले नाही. भुईमुगाचे क्षेत्रही आटले. कारळे व जवस आता चटणीपुरते उरले. खरिपात त्यांची, मूग-उडदाची आणि ज्वारीचीही बरीचशी जागा सोयाबीनने घेतली, कारण ते शंभर-सव्वाशे दिवसांत हाती येते व मागून हरभरा घेता येतो. यात शेतकऱ्याने चूक केली असे म्हणता येणार नाही. उपलब्ध पर्यायांत जो बरा दिसला तो त्याने घेतला. पण परिणाम असा की, पूर्वी चार-पाच पिकांवर विभागलेला धोका आता एका पिकावर आणि त्याच्या जागतिक भावावर एकवटला आहे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडब्याबरोबर दावणीची जनावरेही कमी झाली.

घाण्यांचे तर काय सांगावे? तेली समाजातील अनेक कुटुंबांचा हा पिढीजात व्यवसाय. तो यांत्रिक गिरण्यांनी आधीच खिळखिळा केला होता. पिशवीतील तेलाने उरलासुरला संपविला. अलीकडे शहरांत ‘लाकडी घाण्याचे तेल’ म्हणून जे चढ्या भावाने विकले जाते, ते ज्यांच्या घाण्यांवर आपण वाढलो त्यांतील फार थोड्यांच्या हाती आहे.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. त्याच गावात भूमिहीन मजुराचे घर आहे. त्याच्या पोरांच्या जेवणात तेलाचा थेंब पडतो तो आयात तेल स्वस्त आहे म्हणून. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेलाची वाट अडली. त्यापाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. ती बंदी २३ मेपर्यंत चालली. त्या काही आठवड्यांत गावातील वडापावच्या गाडीपासून अंगणवाडीच्या आहारापर्यंत सर्वांना चटका बसला. तेल महाग होते तेव्हा ते रोज सलते. सोयाबीन स्वस्त होते तेव्हा ते हंगामाला एकदाच सलते, पण वर्षाची मिळकत घेऊन जाते. शासनाला दोन्ही आवाज ऐकावे लागतात. रोजचा आवाज अधिक लोकांचा असतो, म्हणून तो अधिक लवकर ऐकू जातो.

राजकारणाची सावली

तेलाच्या व्यापाराला राजकारणही चिकटलेले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी संयुक्त राष्ट्रसंघात काश्मीरविषयी वक्तव्य केले. पुढच्याच महिन्यात मुंबईतील तेल उद्योजकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना मलेशियाचे तेल घेऊ नये असे सुचविले, आणि जानेवारी २०२० मध्ये शुद्ध केलेल्या पामतेलाची आयात निर्बंधित यादीत गेली. आपल्या घरची फोडणी परराष्ट्र धोरणाशी अशी जोडलेली आहे.

करारांची बंधनेही आहेत. जागतिक व्यापार संघटनेत पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताने राखून ठेवली आहे. सोयाबीन तेलावर मात्र कमाल मर्यादा ४५ टक्केच आहे. आसियान देशांशी झालेल्या करारानुसार पामतेलावरील शुल्काला आणखी खालची मर्यादा पडली. शेजारच्या नेपाळमधून करमुक्त येणाऱ्या मालाचा प्रश्न निराळाच. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण शुल्क वाढविताच नेपाळमार्गे शुद्ध सोयाबीन तेलाचा ओघ वाढला. नेपाळमध्ये एवढे सोयाबीन पिकत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. एका दाराला कडी लावली की माल दुसऱ्या दाराने येतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा सोयाबीनचा भाव हा विदर्भ-मराठवाड्याच्या प्रचारातील एक मुख्य विषय होता. सर्वच प्रमुख पक्षांना त्यावर बोलावे लागले. त्याच सुमारास हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. त्या हंगामात राज्यात ११ लाख टनांहून अधिक सोयाबीनची खरेदी झाली. आजवरची ती मोठी खरेदी असली, तरी बराच माल खरेदी केंद्रे पुरेशी सुरू होण्यापूर्वीच खुल्या बाजारात गेला होता.

गावाच्या पातळीवर

शुल्क किती असावे हे ग्रामपंचायत ठरवू शकत नाही. उत्पादकता वाढविणे हे लांब पल्ल्याचे काम आहे. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी टनाच्या आसपास निघते आणि ब्राझीलमध्ये तीन टनांहून अधिक. ही दरी मिटल्याशिवाय स्पर्धेत टिकणे अवघड जाईल. त्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे पामतेल अभियान आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियान मंजूर झाले आहे. त्यांचा लाभ दिसण्यास वेळ लागेल. शुल्काच्या बाबतीत, किमान जून ते डिसेंबर या काळात त्यात फेरबदल होऊ नये आणि पुढील हंगामाचे शुल्क पेरणीपूर्वी जाहीर व्हावे, ही मागणी शेतकरी व गिरणीमालक या दोघांच्याही हिताची आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. ग्राहकाला झळ बसू लागली तर शिधावाटप दुकानातून तेल देण्याचा जुना मार्ग उपलब्ध आहेच.

गावाला तत्काळ उपयोगी पडेल ती गोष्ट म्हणजे थांबण्याचे बळ. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून सुरू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवल्यास त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळू शकते. दिवाळी, उधारी आणि हरभऱ्याची पेरणी एवढ्याने निभावते. माल मात्र वाळवून, चाळणी करून नेला पाहिजे. ओलावा अधिक असला की तो गोदामातही घेतला जात नाही आणि खरेदी केंद्रावरूनही परत येतो. वाळविण्यासाठी सिमेंटचे खळे किंवा ताडपत्री नसते, म्हणून अनेकांचा माल येथेच अडतो. ग्रामपंचायतीने सामाईक खळे केले तर खर्च फार नाही.

दौऱ्यावर असताना एका लहान गावात पंचायतीच्या भिंतीवर काळा फळा पाहिला होता. त्यावर रोज तीन आकडे लिहिले जात: तालुक्याच्या बाजारातील सोयाबीनचा भाव, पेंडीचा भाव आणि हमीभाव. लिहिण्याचे काम शाळेतील सातवीची मुले पाळीपाळीने करीत. सरपंचांनी विचारले, “साहेब, चौथी ओळ मोकळी ठेवली आहे. बाहेरच्या तेलावर शुल्क किती, ते कुठे कळेल?” त्या दिवशी मजजवळ उत्तर नव्हते, कार्यालयात परतल्यावर अधिसूचनेची प्रत त्यांना टपालाने पाठविली.